कालजंघाचा अभिप्राय

जेवण झालं की सदाशिव राऊळ मास्तर ओटीवरच्या बाकावर आडवे होतात आणि "झोपणंय नाय, नुसतो पडलंय" असं बायकोला बजावतात. आजही बजावून झालंय. पोटात बांगड्याचं तिखलं आहे. छातीवर त्यांची स्वतःची कादंबरी पालथी पडलीय. ती सहाशे पानांची असल्यामुळे प्रत्येक श्वासाला तिला उचलावं लागतं. बाहेर ऊन रटरटतंय. माडाच्या झावळ्या हलायला तयार नाहीत. मास्तरांच्या पापण्या मात्र हळूहळू खाली येतायत.

कादंबरीचं नाव 'वज्रकेतू'. सकाळीच एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरहून प्रतींचा गठ्ठा आला. गोष्ट एका राजपुत्राची आहे. हा राजपुत्र शूर, सत्यवचनी, निर्व्यसनी, आणि खरं सांगायचं तर ऐकूनच जांभई यावी इतका गुणी. त्याचा जिवलग मित्र कालजंघ भर दरबारात त्याच्या पाठीत सुरा खुपसतो. मग पाचशे पानं राजपुत्र रानावनात भटकतो, पंखवाल्या सापावर बसतो, सूर्याची तलवार मिळवतो आणि शेवटी कालजंघाला मारतो. मारायलाच चाळीस पानं लागतात. मास्तरांनी ती फार चवीनं लिहिली आहेत.

कालजंघ कोण, हे आसपासच्या पाच गावांत शेंबडं पोरही सांगेल. तो बाबल तुळसकर. मास्तर दिवसा शाळेत शिकवायचे आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात राजा व्हायचे. बाबल राक्षस. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. गोष्ट ठरलेली असते, बोलायचं ज्याचं त्यानं, तिथल्या तिथे. राजा काय बोलेल ते राक्षसाला ठाऊक नसतं आणि राक्षस काय उत्तर देईल ते राजाला. या दोघांची जोडी अशी की लोक म्हातारी माणसं पाठीवर घेऊन बघायला येत. आणि ऐन मोठ्या जत्रेत राजानं "कोण आहे रे तिकडे?" अशी हाक दिली तेव्हा पडद्यामागून कोणीच आलं नाही. बाबल दुसऱ्या नाटकमंडळीच्या टेम्पोत बसून निघून गेला होता. मास्तर तासभर एकटेच बोलत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी तोंडाला रंग लावला नाही आणि बाबलशी शब्द बोलले नाहीत. कादंबरी तेवढी लिहायला घेतली.

बेत असा होता की पहिली प्रत भर बाजारात बाबलच्या हातावर आपटायची आणि म्हणायचं, वाच, पानोपानी तूच आहेस. तर बाबल श्रावणातच काविळीनं गेला. मास्तर मयताला गेले नाहीत. "मेलो तर मेलो" एवढंच बोलले आणि जेवायला बसले. पण आज गठ्ठा सोडल्यापासून त्यांना काही गोड लागत नाही. सहाशे पानं ज्या एका माणसानं वाचावीत म्हणून लिहिली, तोच माणूस उरला नाही. आता हे पुस्तक चांगलं आहे की वाईट, हे त्यांना सांगणार कोण? बाकीचे सगळे "वा मास्तर" म्हणणार. असल्या 'वा'ची मास्तरांना काडीची किंमत नाही.

छातीवरचं ओझं कोणीतरी उचलतं.

"वजन बरां आसा," आवाज येतो. "वाऱ्यान दरवाजो आपटता, तेका लावूक उपयोगी पडात."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाबल बसलाय. चौकड्याची लुंगी, उघडं अंग, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. तो वाकडा अंगठा ओला करून पान उलटतो.

मास्तरांना हा माणूस मेलाय हे पक्कं ठाऊक आहे. पण आलेल्या माणसाला तोंडावर तसं विचारणं बरं दिसत नाही. तरी न राहवून ते म्हणतात, "तू मेलंस ना रे?"

"मेलंय. म्हणान तर वाचूक वेळ गावलो."

"सगळां वाचलंस?"

"दुसरो काय धंदो आसा थंय?" बाबल चष्म्यावरून बघतो. "एक सांग माका. कालजंघ! आवशीन पोराचां नाव कालजंघ ठेवल्यान, आणि तुझ्या वज्रकेतूक वायच पण संशय येवक नाय? असल्या नावाच्या माणसाक मी सायकल दिवचंय नाय. ह्येणा राज्य दिल्यान!"

मास्तर उठून बसायला जातात तर मानेभोवती पांढरं फडकं आवळलेलं आहे. समोर आरसा आहे, आणि ते बाजारातल्या सलूनच्या खुर्चीत बसलेत. न्हावी कुठे दिसत नाही. कात्री मात्र कानामागे कचकच वाजतेय. बाक तेच आहे, आता ते आरशात दिसतं, आणि त्यावर बसून बाबल मोठ्यानं वाचतोय. वाचताना त्यानं नाकातून राजाचा आवाज काढलाय.

"'हे कृतघ्न जगा! मी निष्पाप, मी निष्कलंक, मी गंगाजळासारखा निर्मळ, मजवरच हा वज्राघात का?'" तो थांबतो, पान उलटतो, पुन्हा उलटतो. "अडीच पानां! ह्यो श्वास कधी घेता?"

"तो दुःखात आसा," मास्तर आरशाला सांगतात.

"दुःखातलो माणूस भाताक मीठ मागता रे. भाषण करणा नाय."

"तू चौथी नापास. तुका कादंबरी काय कळता?"

"माका कादंबरी कळणा नाय," बाबल शांतपणे म्हणतो. "पण कंटाळो कळता."

हे मास्तरांना झोंबतं. त्यांच्या तोंडावर आजवर असं कोणी बोललेलं नाही. शाळेत मुलं घाबरायची आणि गावात लोक मान द्यायचे. ते उलट उत्तर शोधतायत, पण फडकं गळ्याशी घट्ट होत चाललंय आणि बाबलला थांबायचं नाही. आयुष्यभर त्याला रंगमंचावर बोलायला मिळत असे ते राजा दम खाईल तेवढ्यातच. आज त्यानं सगळी कसर भरून काढायची ठरवलेलं दिसतं.

"दर प्रकरणात एक ऋषी येता आणि फुडचा सगळा सांगान जाता. मगे मी फुडे वाचू कित्याक? तुझ्या राज्यात वाटेर खड्डे कमी आणि ऋषी जास्त! तो पंखवालो साप. आग ओकता म्हणतंस. जेव्हा खरी गरज लागता तेव्हाच कसो तो आजारी पडता? तेका पण कावीळ झाली?"

"ती नियती आसा."

"ती तुझी अडचण आसा. फुडे काय करूचां ता तुका सुचूक नाय, म्हणान सापाक झोपवलंस." बाबल पुस्तक मिटतो आणि मांडीवर थापटतो. "आणि तो वज्रकेतू. सहाशे पानांत तेका एक शिंक पण येवक नाय. तेची चूक नाय, तेका राग नाय, तेका संडासाक जावचां नाय. असल्या माणसाच्या पाठीत मी सुरो नाय, उंडीचां फळ मारीन. बघू तरी काय म्हणता!"

आरशात बाबल हसतोय. मास्तरांना त्याचा संताप आलाय, आणि त्या संतापात, बघा कसा माणूस असतो, त्यांना पहिल्यांदाच आज थोडं बरं वाटतंय. निदान यानं वाचलंय. शेवटपर्यंत वाचलंय. शिव्या देण्याइतकं बारकाईनं वाचलंय.

कात्रीची कचकच थांबते आणि वल्ह्याचा आवाज येऊ लागतो. खुर्चीखाली पाणी आहे. खुर्ची म्हणजे आता होडीची फळी, आरसा म्हणजे खाडी. दोन्ही काठांना खारफुटी. बाबल समोर बसलाय, वल्हं आडवं टाकून. वल्हवत कोणीच नाही तरी होडी चाललीय, समुद्राकडून डोंगराकडे.

"ह्या प्रकरण," बाबल म्हणतो. त्याचा आवाज उतरलाय. "दोघे होडयेत बसतत. भाकरी खातत. काय्येक होणा नाय. कोण कोणाक मारणा नाय, ऋषी येणा नाय. आणि नदी उलटी व्हावता."

"तो कोल्हापूरचो संपादक म्हणालो, चूक आसा. नदी डोंगराकडे खंय व्हावता? सगळ्या पुस्तकात तेणा नदयो सरळ केल्यान."

"घाटावरच्या माणसान भरती खंय बघितली?"

"ह्या एका प्रकरणात मी तेका हात लावूक दिवक नाय. भांडलंय."

"बरां केलंस." बाबल पाण्यात हात घालतो. "वल्ह्याशिवाय होडी वर जाता, आणि ते दोघे गप बसतत. वज्रकेतू हंयसर एक शब्द बोलणा नाय. माका वाटला, हो माणूस आसा. आणि तो मुकुटाचो वण. मुकुट काढल्यार कपाळार लाल वण रवता, आणि कालजंघ तेच्यार तेल लावता. ता खरां लिवलंस. लाकडी मुकुट डोक्यार घेतल्याबिगर ता कोणाक सुचाचां नाय."

 कोणी इतकं नेमकं बोट ठेवील असं मास्तरांना वाटलं नव्हतं. ते प्रकरण त्यांनी एका बैठकीत लिहिलं होतं आणि नंतर त्यात एक अक्षर बदललं नव्हतं.

"ता बरां झालां," ते म्हणतात, "कारण ता घडलेला. आपण जत्रेहून येत होतव. तू माझ्या कपाळाक तेल लावलंस."

"मगे बाकीचां कित्याक लिवलंस?"

 होडी वर वर जातेय. आणि मास्तर अखेर ते विचारतात जे विचारायला त्यांना सहाशे पानं पुरली नाहीत.

"त्या दिवशी तू इलंस कित्याक नाय?"

बाबल थोडा वेळ आठवल्यासारखं करतो. खरोखरच त्याला आठवावं लागतंय.

"त्यांचो राक्षस आजारी पडलेलो. टेम्पो देवळामागे उभो होतो. म्हणाले, येतंस? बसलंय."

"बसलंय?"

"बसलंय."

"काय राग होतो माझ्यार? मान कमी पडलो? मी तुका काय बोललंय?"

"नाय रे."

"मगे कारण काय?"

"कारण तुझ्या पुस्तकात आसत," बाबल म्हणतो आणि त्याच्या नाकपुड्या फुगतात. "सिंहासनाचो लोभ, बहिणीचो अपमान, आवशीचो शाप. तीन तीन कारणां! मी वाचून हसलंय. कालजंघ रात्रंदिवस वज्रकेतूच्या नावान जळता. सदा, मी तुझ्या नावान एक दिवस जळूक नाय. मी थंय गेलंय, राक्षस केलंय, जेवलंय, झोपलंय. माका वाटला, तू सांभाळतलंस. तुका बोलूक कोण लागता?"

"चुकलंय म्हण," मास्तर म्हणतात. त्यांचा आवाज चिरकतो. "एकदा तरी म्हण. त्यासाठी मी सगळां लिवलंय."

"टेम्पोत बसल्याबद्दल?"

"होय!"

बाबल खाडीकडे बघतो. म्हणत मात्र नाही. मास्तरांना तो शत्रू म्हणून चालला असता, पापी म्हणून चालला असता. पण आपल्या आयुष्याचं वाटोळं एका उभ्या टेम्पोनं केलं, आणि जो त्यात बसला त्याला ते धड आठवतही नाही, हे त्यांना सहन होत नाही. ते ताडकन उभे राहतात, होडी हलते, आणि त्यांच्या तोंडून वज्रकेतूचा आवाज फुटतो, "हे कृतघ्न जगा!"

पायाखाली देवळासमोरचा मांडव आहे. डोक्यावर मुकुट आहे. तोंडावरचा रंग उन्हानं ओघळतोय. जत्रेचं नाटक आणि तेही भर दुपारी बारा वाजता, पण लोक छत्र्या उघडून निवांत बसलेत, जणू दशावतार नेहमी उन्हातच होतो. पखवाजवाला तयार, पेटीवाला तयार.

"कोण आहे रे तिकडे?" मास्तर हाक देतात.

पडदा हलत नाही.

आता त्यांची जीभ आपोआप सुरू होते. गेल्या वेळी झाली होती तशीच. मी निष्पाप, मी निष्कलंक. गंगाजळ, वज्राघात, नियती. पुढच्या रांगेतली बाई पदरानं वारा घेते. पेटीवाला भात्यावर डोकं टेकतो. म्हातारे उठून छत्र्या मिटू लागतात. मास्तरांना दिसतंय की आपण सहाशे पानं हेच करत आलोय, पण थांबावं कसं हे कळत नाही, कारण थांबलं तर पडद्यामागे कोणी नाही हे सगळ्यांना दिसेल.

मग ते थांबतात. एक वाक्य अर्धंच राहतं आणि ते तोंड मिटतात.

शांतता पसरते.  मास्तर दातांवर दात घट्ट आवळतात. ते उभे राहतात. बोलत नाहीत.

पखवाजावर थाप पडते. पडद्यामागून अशी आरोळी येते की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत शिरतात, आणि बाबल उडी मारून बाहेर येतो. पांढरंफेक तोंड, लाल डोळे, काजळाच्या मिशा कानापर्यंत. खोबरेल तेलात रंग तळहातावरच कालवायची खोड अजून गेली नाही, दोन्ही पंजे लालभडक आहेत.

"राजा!" तो गरजतो. रंगमंचावर आला की बाबलची भाषा छापील होते. "तुझ्या सिंहासनाचा एक पाय मोडका आहे, ठाऊक आहे का तुला?"

"ठाऊक आहे, दैत्या," मास्तर म्हणतात. "त्या पायाच्या जागी आजवर तूच तर उभा होतास."

लोक ओरडतात. शिट्ट्या पडतात. हे वाक्य कुठून आलं मास्तरांना माहीत नाही. ते कादंबरीत नाही, आणि एकट्यानं बसून ते त्यांना हजार वर्षांतही सुचलं नसतं. बाबल डोळे मिचकावतो आणि पुढचं वाक्य टाकतो. मास्तर उलटवतात. तो त्यातलाच शब्द उचलून परत फेकतो. मास्तर हरतायत आणि त्यांना हसू आवरत नाही. पेटीवाला टक्क जागा आहे. किती वर्षांनी त्यांच्याशी समोरून कोणीतरी बोलतंय.

पण राक्षसाला मरावं लागतं. हे दशावतारात लहान पोरालाही ठाऊक असतं. बाबल फिरक्या घेत घेत खाली पडतो, छाती पुढे करतो आणि ओठ न हलवता कुजबुजतो, "मार आता. लोकांका घराक जावचां आसा."

मास्तरांच्या हातात लाकडी तलवार आहे. ती उचलत नाही.

"मार रे. पुस्तकात चाळीस पानां मारलंस."

"माका तुका मारूचां नाय," मास्तर म्हणतात. राजा रडत नाही, पण रंगावरून पाणी वाहतंय.

"खुळो मास्तर." बाबल धूळ झटकत उठतो. लोक, मांडव, छत्र्या काही राहिलेलं नाही. नुसतं ऊन आणि तो. "मी कधीच मेलंय. तू खंय मारतलंस?" तो जायला निघतो, दोन पावलं जातो आणि परत येतो. "ह्या पुस्तक बेकार आसा. होडीचां सोडून सगळां. दुसरां लिव."

आणि तो मास्तरांच्या पाठीवर असा सणसणीत हात मारतो की त्यांचे डोळे उघडतात.

ओटी. ऊन कौलांवरून उतरलंय. कादंबरी बाकाखाली उताणी पडलीय आणि तिची पानं वाऱ्यानं इकडून तिकडे होतायत. मास्तर उठून बसलेत आणि रडतायत. हुंदके देऊन, लहान मुलासारखे.

मंदाकिनी चहा घेऊन येते ती दारातच थबकते. संसारात तिनं या माणसाला चिडलेलं पाहिलंय, रुसलेलं पाहिलंय, रडताना कधी पाहिलेलं नाही.

"काय झाला? छातीत दुखता?"

"बाबल गेलो गो," मास्तर म्हणतात.

"तो श्रावणात गेलो."

"आज गेलो."

ती कप बाकावर ठेवते आणि त्यांच्या खांद्याला धरून शेजारी बसायला वळते. मग तिचा हात जागच्या जागी राहतो.

"ह्या काय पाठीर?"

मास्तरांना दिसत नाही. ती बोट लावून बघते, वास घेते. खोबरेल तेल. पांढऱ्या गंजीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, लाल रंगाचा पंजा उमटलाय. पाचही बोटं स्वच्छ, अंगठा जरा वाकडा. रंग अजून ओला आहे.

"कोणाचो हात ह्यो?" ती विचारते. मग ती गंजीचं टोक धरते. "काढा बघू. भिजत घालतंय. नायतर डाग जावचो नाय."

"नको," मास्तर तिचा हात बाजूला करतात. "सुकां दे आधी."